मष्णूचा डावा पाय

“एवढं आज संध्याकाळच्या आत उरकायचं,” मार्तंडरावांनी दोन कागद माझ्या पुढ्यात ठेवले. “मानपत्र आहे. मास्तर मंडळींचं काम, रवळू. एक काना इकडचा तिकडे झाला तर माझी अब्रू जाईल.”

मार्तंडराव आमच्या छापखान्याचे मालक. अब्रू जायची ती नेहमी त्यांची आणि चूक असायची ती नेहमी माझी. बेळगावात त्यांच्याकडे खिळे जुळवायला लागून मला सोळा वर्षं झाली होती. लग्नपत्रिका, हँडबिलं, कोर्टाचे फॉर्म, नाटकांच्या जाहिराती, काय म्हणाल ते माझ्या हातून गेलं होतं. मी कागद खिडकीशी धरला आणि पहिली ओळ वाचली. ‘विद्यादानव्रती गुरुवर्य गोपाळराव यांच्या पंचाहत्तरीनिमित्त अर्पण केलेले मानपत्र.’

म्हणजे अजून जिवंत होते तर! मी मनातल्या मनात त्यांना केव्हाच पोचवून आलो होतो.

सांबऱ्याच्या पलीकडे आमचं गाव. गावच्या मराठी शाळेत गोपाळराव मास्तर होते. मी पाटीवर अक्षरं उलटी काढायचो. मुद्दाम नव्हे. मला ती तशीच दिसायची, आरशात दिसावीत तशी. मास्तर पाटी बघायचे, मग सगळ्या वर्गाला दाखवायचे आणि पोरं हसून घेईपर्यंत थांबायचे. त्यानंतर माझा हात पालथा करून बोटांच्या पेरांवर आखणीची, म्हणजे रेघा मारायच्या लाकडी पट्टीची, कड. एक अक्षर, एक फटका. माझं नाव त्यांनी ‘उलट्या’ ठेवलं होतं. आमच्या आप्पानं मला शाळेत घालताना सांगितलं होतं, “मास्तर, जीव तेवढा ऱ्हाऊ द्या, बाकी तुमचं तुमी बगा.” मास्तरांनी शब्द पाळला. जीव राहिला.

पुढं बाविसाव्या वर्षी मी छापखान्यात झाडू मारायला लागलो. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं कोरलेलं असतं, कागदावर ते सुलटं उठतं. पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्या जुळाऱ्यानं जुळवलेला मजकूर मी छापायच्या आधी घडाघडा वाचून दाखवला. म्हातारा तोंड उघडं टाकून बघत राहिला. ज्या खोडीपायी माझी बोटं सुजायची, तिच्यावर माझी चूल पेटायला लागली. हे कळल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. मला राग आला. असा राग आला की त्या रात्री मला भाकर गेली नाही.

जुळाऱ्याचा हात चालतो, डोकं मोकळं असतं. त्या मोकळ्या डोक्यात मी सोळा वर्षं एकाच पोराशी बोलत आलो. नऊ वर्षांचा, नाक ओढणारा, बोटं काखेत दाबून बसलेला रवळू. “आरं येड्या,” मी त्याला सांगायचो, “तुज्यात काय खोट न्हाय. पाटी फेक त्येच्या डोस्क्यात. चाव त्येच्या हाताला. पळ खानापूरच्या रानात, पर हितं बसू नगंस.” पोरगं काही ऐकायचं नाही. ते माझ्याकडं बघतसुद्धा नव्हतं.

मी मानपत्र जुळवायला घेतलं. ‘पुत्रवत् प्रेम’ जुळवलं. ‘शांत व क्षमाशील वृत्ती’ जुळवली. पोट भरायचं तर असलं पुष्कळ जुळवावं लागतं. सावकाराच्या बाराव्याला त्याचा मी दानशूर करून दिलेला आहे. मग अकरावी ओळ आली.

‘गैरहजर मुलांस आपण मायेने घरून उचलून आणवीत असा, म्हणूनच आपल्या शाळेतून एकही मूल कधी गळाले नाही.’

माझ्या हातातली खिळे जुळवायची स्टिक खाली आली आणि त्या ओळीपर्यंतचे खिळे सगळे फरशीवर पांगले. मार्तंडराव आतून ओरडले. मी खिळे गोळा करत जमिनीवरच बसून राहिलो.

उचलून आणवीत! उचलबांगडी म्हणायची लाज वाटली असेल लिहिणाऱ्याला. पोर शाळेला आलं नाही की मास्तर चार पोरं धाडायचे. दोघांनी दोन हात धरायचे, दोघांनी दोन पाय, आणि पोराला उताणं उचलून गावातून मिरवत आणायचं. दारादारांतून बायका हसायच्या. वाटेत पोर पडलं किंवा निसटलं, तर त्याच्या वाटणीचा मार चौघांनी खायचा, असा नियम होता. आणि मष्णूला असंच आणलं.

मष्णू नागोजी आमच्या आळीतला. माझ्याहून वर्षानं मोठा, अंगानं किडकिडीत, पण झाडावर चढायला त्याच्यासारखा कुणी नाही. त्या उन्हाळ्यात त्याच्या डाव्या पायाला नारू झाला होता. आमच्याकडं तेव्हा नारू घरोघर. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिलं की वर्षभरानं पायातून पांढरा, सुतासारखा किडा बाहेर यायला लागायचा. तो काडीला गुंडाळायचा आणि रोज बोटभरच ओढायचा. पंधरा दिवस, कधी महिना. घाई केली आणि किडा आत तुटला तर पायात विष भिनायचं. मष्णूच्या घोट्याला काडी बांधून सहा दिवस झाले होते. सातव्या दिवशी चौघं त्याच्या दारात गेले. घरची सगळी शेतावर होती. शाळेच्या पायरीशी त्याला खाली ठेवला, तेव्हा चिंधी सुटली होती आणि काडी कुठं गेली ते कुणालाच माहीत नव्हतं.

पावसाळाभर तो अंथरुणावर होता. वाचला, पण गुडघा वाकला तो वाकलाच. शाळेचं नावच सुटलं. बारा वर्षांचा झाल्यावर बापानं त्याला निपाणीला मामाकडं, तंबाखूच्या वखारीत धाडला. आणि इथं ‘एकही मूल गळाले नाही’.

मी ओळ जुळवली. दात खाऊन जुळवली. दुसऱ्या दिवशी रविवार. मार्तंडराव म्हणाले, “गुरुजींना स्वतःला प्रूफ बघायचं आहे. शुद्धलेखनाचे फार कडक. तू जाऊन ये शहापूरला.”

मास्तर ओसरीवर बसले होते. अंगाची काठी झाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं माझ्या आवाजाच्या अंदाजानं ते तोंड फिरवत होते. म्हणाले, “मला दिसत नाही. तूच वाच. सावकाश, विरामचिन्हांसकट.”

वर्गात मी त्यांच्यापुढं कधी सलग दोन शब्द वाचले नव्हते. आता खणखणीत वाचलं. दहा ओळी झाल्या तशी त्यांनी मान डोलावली.

“उच्चार स्वच्छ आहेत तुझे. छापखान्यातल्या माणसाचे असे नसतात. कोणत्या शाळेत होतास?”

“तुमच्याच, मास्तर.”

म्हाताऱ्याचं तोंड उजळलं. “अस्सं! नाव काय?”

“रवळू. उलटी अक्षरं काढत हुतो मी. उलट्या म्हनत हुतासा मला.”

ते खरोखरच आठवू लागले. कपाळाला आठ्या घातल्या, बोटं मोजली, आणि शेवटी म्हणाले, “नाही बुवा. हजारभर पोरं गेली हाताखालून. कुणाकुणाला लक्षात ठेवणार?”

मी सगळ्याची तयारी केली होती. ते हसतील, ओशाळतील, पुन्हा उलट्या म्हणतील, सगळं धरून चाललो होतो. आठवणारच नाही हे धरलं नव्हतं. एकोणतीस वर्षं मी शिव्या देत होतो आणि ज्याला देत होतो त्याच्या खिजगणतीतही मी नव्हतो.

“म्होरली वळ खोटी हाय,” मी म्हणालो आणि ती वाचून दाखवली. “मष्णू नागोजी गळाला. त्येच्या पायात नारू हुता. तुमी चार पोरं धाडलासा, वाटंत नारू तुटला. पोरगं जल्माचं लंगडं झालं. हे लिवा की मानपत्रात!”

आतून कुणीतरी दाराशी येऊन उभं राहिलं. मास्तरांनी हातानंच त्याला परत धाडलं.

“नारू होता?” त्यांनी विचारलं. “मला कुणी सांगितलं?”

“कोन सांगनार? तुमच्याम्होरं तोंड उगडायची छाती हुती कुनाची?”

“मी शाळेत बसलेलो. त्याचं घर मला माहीत नाही, पाय माहीत नाही. गेले ते चौघं. त्यांना काडी दिसली असेल की नाही?”

“दिसली.”

“तुला काय ठाऊक?”

“त्यो पाय मी धरला हुता,” मी म्हणालो.

हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं नव्हतं. आता एकदा तोंडातून गेलं ते परत घेता येईना.

मास्तरांनी तोंड माझ्याकडं वळवलं. मग वर्गात विचारायचे त्याच कोरड्या आवाजात म्हणाले, “मग तू का नाही सोडलास?”

मी पुष्कळ बोललो. नऊ वर्षांचा होतो म्हणालो. तुमची आखणी आठवत होती म्हणालो. माझी बोटं त्यांच्या नाकापुढं नेली. पण त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “झालं का वाचून? ओळ सत्कार समितीनं लिहिली आहे. तिला हात लावायचा अधिकार मला नाही, तुलाही नाही. ‘क्षमाशील’मधला ‘क्ष’ नीट उठलाय ना बघ.”

शहापूरपासून छापखान्यापर्यंत मी दात-ओठ खात चाललो. वाईट याचं की म्हातारा खोटं बोलला नव्हता. त्यानं पेरलेली भीती आमच्या हातांत होती, हे खरं. पण हात आमचे होते. इतकी वर्षं मी त्या नऊ वर्षांच्या पोराला समजावत आलो, तुझ्यावर अन्याय झाला, तुझी काही चूक नाही. त्या पोरानं माझ्याकडं मान वर करून का बघितलं नाही, ते मला त्या रस्त्यावर कळलं. त्याला माझ्याकडून हे ऐकायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मजकूर मशीनवर चढायच्या आधी, मी ती ओळ चिमट्यानं काढून टाकली. तिच्या जागी कोरे ठोकळे बसवले आणि चौकट आवळली. शंभर प्रती छापून झाल्या. समितीचा माणूस टांगा घेऊन दारात उभा, तेव्हा मार्तंडरावांनी सहज एक प्रत उचलली. मधोमध ओळभर पांढरी जागा. त्यांनी माझ्याकडं बघितलं. समितीच्या माणसाला गठ्ठा देऊन हसतमुखानं निरोप दिला आणि आत येऊन म्हणाले, “रवळू, उद्यापासून येऊ नकोस.”

“एक प्रत घिऊन जातो,” मी म्हणालो.

खरं सांगतो, त्या वेळी मला फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं. सोळा वर्षांची नोकरी मष्णूसाठी लाथाडली होती. निपाणीच्या मोटारीत मी ती गुंडाळी मांडीवर धरून ताठ बसलो होतो. मष्णू रडेल, मला मिठी मारेल, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

वखारीत शिरताच तंबाखूनं घसा धरला. पंचवीसएक बायका तोंडाला पदर बांधून पानं निवडत बसल्या होत्या. कोपऱ्यात, पोत्यांच्या थप्पीला टेकून, दाभणानं पोत्यांची तोंडं शिवत बसलेला माणूस मी पायावरून ओळखला. तो पाय त्यानं एका रिकाम्या पोत्यावर बाजूला ठेवला होता.

“मष्णू,” मी हाक मारली.

त्यानं वर बघितलं आणि पुन्हा शिवायला लागला. “रवळू न्हवं का? बस की.”

मी बसलो. सगळं सांगितलं. मानपत्र, ओळ, मास्तर, नोकरी. मग गुंडाळी उलगडून त्याच्यापुढं धरली आणि पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. “ही बग. हितं तुज्याबद्दल खोटं लिवलं हुतं. म्या काडून टाकलं.”

मष्णूनं दाभण खाली ठेवलं. कागद दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बघितला.

“मला वाचाया येत न्हाय,” तो म्हणाला. “हितं काय लिवलंय आता?”

“काय न्हाय. तेच तर सांगतोय.”

“माजं नाव कुटं हाय?”

“नाव न्हाय.”

“मंजे कोरा कागद दावाय आलाईस व्हय मला? बेळगावास्नं?” त्याचा आवाज चढला. जवळच्या दोन बायकांचे हात थांबले. “एकोनतीस वर्सं, रवळू! तंबाखू घ्यायला ह्या बाजारात तू किती डाव आलास ते ठावं हाय मला. पेठंत दोनदा बगितलंय तुला. मला बगून पलीकडल्या अंगानं गेलास. आज आलाईस, त्ये बी मास्तरचं तुला झोंबलं म्हनून.”

“लई भ्यालो हुतो रं मी. ल्हान हुतो.”

“चौगं बी भ्याले हुते. बाकीच्या तिगास्नी काडी दिसत न्हवती. तुज्या हातात हुती ती. म्या कुनाच्या नावानं वरडत हुतो, आठवतंय का?”

मला आठवत नव्हतं. मला फक्त रडणं आठवत होतं, शब्द नव्हते आठवत. मी नाही म्हणून मान हलवली.

“रवळ्या सोड, रवळ्या सोड, म्हनत हुतो. मारुतीच्या देवळापतुर म्हनत हुतो. मी जसजसा म्हनंल तसतसा तू जास्तीच आवळत गेलास. चौगांत घट्ट तूच धरलं हुतास.”

“सोडला असता तर मास्तरनं मला फोडून काडलं असतं.”

“काडलं असतं,” मष्णू म्हणाला. “मग?”

बोटं सुजली असती. आठ दिवसांनी उतरली असती. मार तर मी तसाही पुढं दोन वर्षं खाल्ला. त्या पोराला सांगायचं होतं ते एवढंच होतं, आणि ते मला मष्णूकडून ऐकावं लागलं.

“चुकलं माजं,” मी म्हणालो.

“माज्या कानात सांगू नगंस. मला ठावं हाय.” त्यानं वखारीकडं हात केला. “ह्यास्नी सांग. ह्या समद्या म्हंत्यात, मष्णू झाडावरनं पडला. लाजंनं म्याच सांगितलंय तसं. चार पोरांनी जनावरासारका उचलून न्हेला, ह्ये सांगाय तोंड हुतं का मला? उबा ऱ्हा आन् सांग.”

मी उभा राहिलो. वर्गात वाचायला उभं केल्यावर राहायचो तसाच. पंचवीस बायका पदर खाली ओढून माझ्याकडं बघू लागल्या.

“मी रवळू,” मी म्हणालो. “मष्णूच्या गावचा. ह्यो झाडावरनं पडला न्हाय. ह्येच्या पायाला नारू हुता. मास्तरनं आमास्नी ह्येला उचलून आनाय धाडलं. ह्यो डावा पाय मी धरला हुता. काडी मला दिसत हुती. ह्यो सोड म्हनत हुता, मी सोडला न्हाय.”

पुढच्या रांगेतली एक म्हातारी, मालुबाई म्हणत होते तिला, ती म्हणाली, “मुडद्या, मग आजपतुर कुटं मेला हुतास?”

“हितंच,” मी म्हणालो. “बेळगावात.”

मष्णूनं दाभण पोत्यात खोचून ठेवलं. जेवणाची सुटी झाली होती. मानपत्राची त्यानं घडी केली आणि माझ्या हातात परत दिली.

“चल,” तो म्हणाला, “मोटारीपतुर येतो. मला बी घरला त्याच वाटंनं जायाचं हाय.”

थप्पीला धरून तो उठायला लागला. वाकलेला गुडघा आधी, मग कंबर, मग उरलेला सगळा मष्णू. त्याला वर यायला वेळ लागत होता. मी दंडाला धरायला हात पुढं केला.

“हात लावू नगंस,” तो म्हणाला.

मी हात मागं घेतला. तो पुढं निघाला आणि सबंध बाजारपेठ मी त्याच्या मागून, त्याच्या पावलानं चालत गेलो.